डाव्या पायाचा गोल

"दादा, आज तू येव नको."

गुरुप्रसादने हे बुटाची नाडी आवळता आवळता सांगितले, मानसुद्धा वर न करता. पडवीत व्हीलचेअरवर बसलेला विनोद मात्र पहाटेच तयार होऊन बसला होता... दाढी घोटलेली, केसांना तेल, अंगात टीमची पिवळी जर्सी, आणि सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही! उपास नव्हे हो. मॅचच्या दिवशी तो पाणी पीतच नसे. त्याची खुर्ची आत जाईल अशी मुतारी त्याने पाहिलेल्या एकाही मैदानावर नव्हती, आणि चारचौघांत फजिती होण्यापेक्षा घसा कोरडा पडलेला बरा, हे तो कधीच शिकला होता.

आज तर फायनल! पालीची टीम पहिल्यांदाच रत्नागिरीच्या मोठ्या मैदानावर फायनल खेळणार, आणि गुरू तिचा कॅप्टन. गुरूने फायनलमध्ये गोल मारावा आणि तो आपण आपल्या डोळ्यांनी बघावा... विनोदला दुसरे काही म्हणता काही नको होते.

"का रे?" त्याने हसतच विचारले. "माझी खुर्ची जड झाली काय तुम्हाला?"

"नम्रताचे बाबा येतायत बघायला. सोयरीक अजून पक्की नाय. परवाच त्यांनी इचारलानी, तुमच्या घरात दारू पितो तो कोण म्हणून."

अंगणात लाकडे फोडणारा रघू, या दोघांचा बाप, तिथूनच ओरडला, "बेवड्याला मिरवायला नेतोस काय? पडू दे घरात!"

चुलीपुढे चिमाचा हात घावन उलटता उलटता थांबला. पण आई असून ती काही बोलली नाही. ती या बाबतीत कधीच काही बोलत नसे.

बेवडा! आता ऐका, आणि मग तुम्हीच ठरवा. अकरा वर्षांमागे, ऐन आंब्याच्या दिवसांत, विनोद शिडी लावून हापूसच्या झाडावर चढला होता. सत्तावीस वर्षांचा गडी, लग्न ठरलेले. शिडी धरायला खाली तेरा वर्षांचा गुरू. कातळावर शिडी सरकते, तिला माणूस लागतोच. तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडून पोरांनी शिट्टी घातली. कुणाच्या तरी मामाने मुंबईहून नवाकोरा फुटबॉल आणला होता. 'आलोच हां दादा' म्हणून गुरू जो पळाला तो पळालाच... विनोद उतरायला लागला आणि शिडी गेली! कंबर कातळावर आपटली, आणि कमरेखालचा विनोद तिथेच संपला.

हॉस्पिटलात रघू ओरडला. "शिडी कोणी सोडलीन? गुरूनं ना? त्याला आज जिता ठेवत नाय!" आणि रघू बोलला की करणारा माणूस! त्या पोराला वाचवायला विनोदच्या तोंडून नको ते निघून गेले. "बाबा, गुरूला मीच हाकललेला. मी माडी पिऊन चढलो होतो." उभ्या जन्मात माडीचा थेंब ज्याच्या जिभेला लागला नाही त्याने हे सांगितले, आणि ज्याचा स्वतःचा बाप दारूपायी गेला होता त्या रघूने त्या दिवसापासून थोरल्या मुलाच्या खुर्चीला हात म्हणून लावला नाही. लग्न मोडले. गावाने नाव ठेवले. गुरूला सारे ठाऊक होते. आधी तो भीतीने गप्प राहिला, मग सवयीने, आणि पुढे पुढे तर दादाची खुर्ची दिसली की त्याच्या कपाळाला आठी पडू लागली. ज्याचे वाईट केले त्याचेच तोंड बघवत नाही, माणसाची जातच मेली अशी!

टीमचा टेम्पो दारात येऊन वाजला. गोलकीपर सागर उडी मारून उतरला. "विनोददादा, चला! असे बसलात काय?"

"तो येत नाय," गुरू म्हणाला.

"मग गाऱ्हाणा कोण घालणार? तुझा सासरा?"

हे गाऱ्हाणे म्हणजे पालीच्या टीमचा प्राण होता. देवळात कार्याआधी घालतात ना, तसेच. मॅचच्या आधी अकरा पोरे खुर्चीभोवती रिंगण धरीत, विनोद 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात करी, आणि त्याच्या एकेका मागण्याला पोरे 'व्हय म्हाराजा!' म्हणून मैदान दणाणून सोडीत. समोरच्या टीमची पोरे कधी फिदीफिदी हसत. 'ज्याचे स्वतःचे पाय गेले तो दुसऱ्यांच्या पायांसाठी मागतोय!' विनोदही त्यांच्याबरोबर हसे. घरी येऊन चाकात अडकलेले खडे काढताना मात्र ते हसू त्याच्या तोंडावर नसे.

गुरूने सागरकडे बघितले, मग दादाकडे. "ये. पण तिथं अपंगांसाठी मांडव घातलाय, तिथंच बसायचा. आमच्यात यायचा नाय. आणि कुणी इचारलान तर..."

"तर?"

"माझा भाऊ म्हणून सांगू नको."

सागरने मान खाली घातली. ज्याला विनोदने पाठुंगळीला मारून शाळेत नेले, ज्याचा पहिला बूट स्वतःच्या हाताने शिवला, तो हे म्हणत होता! पण व्याकुळ झालेल्या त्या माणसाने विचारले काय, तर, "बरं, नाय सांगत. नेतोस ना पण?"

मांडव कसला, गोलच्या मागे स्टेजला खेटून चार बांबूंवर ताडपत्री! वर 'दिव्यांग कक्ष' असा फलक आणि आत एकटा विनोद. पुढे पाण्याचे मोठाले ड्रम, त्यांच्यापुढे फोटोवाले, आणि या सगळ्यांच्या फटीतून दिसणारे हातभर मैदान. पलीकडे पाहुण्यांच्या खुर्च्यांत रघू, चिमा, नम्रता आणि तिचे वडील बसले होते. चिमाने एकदाच इकडे बघितले आणि पदर सारखा केला.

इतक्यात माइकवाल्याला विनोद दिसला, आणि त्याला उमाळा आला. "मित्रहो, आज आपल्यात एक दिव्यांग फुटबॉलप्रेमी आहेत! टाळ्या होऊन जाऊ देत!" कुणीतरी शाल गुंडाळली, मांडीवर नारळ ठेवला, तोंडापुढे माइक आला.

"आपलं नाव?"

"विनोद."

"कुणाबरोबर आलात?"

मैदानात गुरू उभा होता. कर्ण्यातून सगळे त्याला ऐकू जात होते.

"एकटाच आलोय," विनोद म्हणाला.

"वा, वा! आणि पायांना हे काय झालं?"

मैदानात अर्धी पाली बसली होती, आणि अर्ध्या पालीला त्याची कथा पाठ होती. अकरा वर्षांची सवय... तोंडातून तेच बाहेर पडले. "झाडावरून पडलो. माडी प्यायलो होतो."

माइकवाला क्षणभर गडबडला, पण माइक हातात असलेला माणूस गप्प बसतो होय? "बघा मंडळी! तरुणांनो, डोळे उघडा! व्यसन माणसाला कुठे आणून बसवतं, बघा!" हशा पिकला. मागून कोणी ओरडले, "नारळ कशाला, क्वार्टर द्या त्याला!" पुन्हा शिट्ट्या, पुन्हा हशा. रघू जमिनीकडे बघत बसला होता. विनोदही हसला, नेहमीसारखा... पण ओठ काही केल्या जागेवर राहीनात, आणि त्याने शालीचे टोक तोंडाशी धरले.

मैदानात टीमने रिंगण धरले होते, मध्ये खुर्चीच नव्हती. माइकवाला धावत तिकडे गेला. "आता पालीच्या टीमचं गाऱ्हाणं! आपल्या कोकणची परंपरा! सगळ्यांनी साथ द्यायची बरं का!" आणि माइक धरला कॅप्टनच्या तोंडापुढे.

गुरूचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" अख्खे मैदान गरजले.

"आज ही तुझी लेकरा खेळायला उभी ऱ्हायलीत..."

"व्हय म्हाराजा!"

"कुणाकडून काय चूकभूल झाली असंल..."

"व्हय म्हाराजा!"

"माझ्याकडून झाली, म्हाराजा..." आवाज फाटला. "शिडी मी सोडली!"

"व्हय म्हाराजा!"

"तो बसलाय तो माझा सख्खा दादा! त्यानं कधी माडी प्यायली नाय... मला वाचवायला खोटा बोलला... आणि मी अकरा वर्षा त्याला बेवडा म्हणवून घेतला!"

"व्हय म्हाराजा!" हजार माणसांनी एका दमात, हसत हसत होकार भरला... आणि मग काय ऐकले ते त्यांच्या डोक्यात शिरले. सागर ओक्साबोक्शी रडत होता. विनोदने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. अरे गुरू! पोटात घालून जपलेले सगळे एका क्षणात उधळलेस रे, वेड्या!

पंचांना याच्याशी काय देणेघेणे! शिट्टी झाली आणि मॅच सुरू झाली.

नम्रताचे वडील सभ्य माणूस, हाफटाइमपर्यंत बसले. मग उठून रघूला म्हणाले, "रघूभाऊ, दारूचं मी एक वेळ पोटात घातलं असतं. पण सख्ख्या भावाचं जो असं करतो, त्याच्या हाती मुलगी कशी देऊ?" नम्रताने दोनदा मागे वळून पाहिले, पण ती गेली. ज्या संसारासाठी विनोदला घरात कोंडायचे ठरले होते तो मांडण्याआधीच मोडला.

दुसऱ्या हाफमध्ये पाली विनोदच्या बाजूच्या गोलवर चाल करू लागली. शरमलेल्या माइकवाल्याने स्वतः ढकलून ड्रम बाजूला केले होते, फोटोवाल्यांना हटवले होते. आज पहिल्यांदा विनोदपुढे सबंध गोल मोकळा! शून्य-शून्य. दहा मिनिटे उरली. गुरू वेड लागल्यासारखा धावत होता, आणि विनोद श्वास रोखून खुर्चीत पुढे सरकला होता.

आणि नेमके तेव्हाच रघू आणि चिमा त्याच्यापुढे येऊन उभे राहिले.

"इन्या..." रघूने खुर्चीचे दोन्ही हात धरले. अकरा वर्षांनी ते लाडाचे नाव! "खरा काय ते? मी तुला काय काय बोललो रे... जेवत्या पानावर बोललो!" म्हातारा हुंदके देऊ लागला. विनोदचे अंतःकरण भरून आले. याच हातांची त्याने किती वाट पाहिली होती! पण बापाच्या खांद्यामागे पालीला कॉर्नर मिळाला होता, सागर आपला गोल सोडून पुढे धावत येताना दिसत होता...

"बाबा, जरा..."

"मला म्हाईत व्हता," चिमा म्हणाली.

विनोदने तिच्याकडे बघितले. "काय म्हाईत व्हता, आये?"

"तू पडलास तेव्हा तुझा डोका माझ्या मांडीवर व्हता. श्वास चालतोय काय बघायला मी तोंड तुझ्या तोंडाशी नेलेला. वास नव्हता रे... कसलाच नव्हता."

"मग बोललीस का नाय?"

"एक मोडलाच व्हता. धड उरलेला बापाच्या हातून मोडून घेऊ काय?"

सांगा, याला काय म्हणावे! गुरूशिवाय कुणालाच खरे ठाऊक नाही, म्हणून कुणी मायेचा शब्द बोलत नाही, या एका समजुतीवर त्या माणसाने अकरा वर्षे काढली होती. आणि ही रोज ताट वाढत होती, रोज ऐकत होती, आणि तिला ठाऊक होते! विनोदला रडूही येईना.

तेवढ्यात मैदान फुटल्यागत गर्जना उठली. "गोल! गोल!"

"बाबा, बाजूला व्हा!" विनोदने बापाला ढकलले. "अहो, बाजूला व्हा ना!"

रघूला वाटले, पोरगा झिडकारतोय. "मार, मला मार!" म्हणत त्याने खुर्ची आणखी घट्ट कवटाळली. तो हटला तेव्हा जाळे नुसते हलत होते, आणि गवतावर पिवळ्या जर्स्यांचा ढीग पडला होता.

एक-शून्य! पाली जिंकली. शेवटच्या शिट्टीला गुरू सगळ्यांना झुगारून मांडवाकडे धावत सुटला. वाटेत पाहुण्यांच्या रिकाम्या खुर्च्या दिसल्या, पण तो थांबला नाही. खुर्चीपुढे गुडघे टेकून त्याने दादाच्या मांडीत तोंड खुपसले.

"दादा... मला पायाशी घे नायतर लाथ मार..." बोलता बोलता कुठल्या पायाने मारणार हे लक्षात येऊन तो आणखीच कळवळला. मग डोके वर करून त्याने लहान पोरासारखे विचारले, "गोल बघितलास ना? तुझ्यासाठी मारला. बघितलास ना, दादा?"

चिमा काहीतरी सांगायला गेली. विनोदने तिचा हात दाबला.

"बघितला तर! एक नंबर! डाव्या पायानं काय ठेवून दिलास रे!"

गुरू डावखुरा, त्याचे गोल नेहमी डाव्याच पायाचे. पण गुरूचे तोंड उघडेच राहिले... आणि मग विनोदला दिसले. भावाच्या घामेजल्या कपाळावर तांबड्या मातीचा चेंडूचा ठसा उमटला होता. गोल डोक्याने झाला होता.

गुरूने बापाचे सुजलेले डोळे पाहिले, आईचा दाबून धरलेला हात पाहिला, आणि त्याला सगळे उमगले.

"व्हय दादा," तो म्हणाला, "डाव्याच पायानं." आणि बाहीने त्याने कपाळ पुसून टाकले.