दुपारचा माणूस

शहर सोडून आम्ही गावात राहायला आलो ते बायकोच्या दम्यामुळे. धुळीने तिचा जीव घुसमटायचा. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. बसने तासाभरावर हे गाव सापडलं. एक सरळ रस्ता, दोन्हीकडे बैठी घरं, टोकाला पाण्याची टाकी. आमचं पुढचं दार रस्त्यावर उघडायचं, मागचं थेट शेतात. बायको शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, ते काम कुठूनही होतं. माझं होत नाही. मी दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर शहरात प्लास्टरचे जबडे समोर मांडून बसलेला असतो.

सकाळच्या बसला गावातले बहुतेक कमावते लोक असत. माझ्या शेजारी नेहमी एक गृहस्थ बसायचे. आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी त्यांच्या हातात छत्री, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना छत्रीवाले म्हणायचो. ते बोलत नसत. त्या बसमध्ये कोणीच बोलत नसे. झोप पुरी न झालेली माणसं, असं मी धरून चाललो होतो.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. बायकोचा श्वास सुधारला, पण मन रमेना. मी संध्याकाळी पोचायचो तेव्हा तोंड उघडायचं त्राण उरलेलं नसे.

"दिवसभर भिंतींशी बोलते मी," ती एकदा म्हणाली.

मी हूं केलं आणि जेवलो.

मग ती हळूहळू खुलली. गुणगुणायला लागली. चित्रांत रंग भडक झाले. चला, गाव मानवलं, असं मला वाटलं.

एका रविवारी शेजारचे काका फाटकाशी भेटले. पूर्वी ते वायरमन होते, अजूनही शिडी दिसली की चढायचे.

"परवा शिडी धरलीत म्हणून वाचलो हो," ते म्हणाले. "नाहीतर कंबरडंच मोडलं असतं."

"परवा मी कामावर होतो, काका."

काकांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आमच्या खिडकीकडे. "हो हो. माझीच गफलत," असं म्हणून ते लगबगीने आत गेले आणि दार लावून घेतलं.

वय झालं की माणूस घोळ घालतो. पण त्याच आठवड्यात किराणा दुकानातल्या मावशींनी विचारलं, "भाऊ, दुपारी नेलेली दोरी पुरली ना?" घरी येऊन बघतो तर मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला नवी कोरी दोरी. ताठ बांधलेली.

"ही कोणी बांधली?"

"तूच की," बायको कागदावरून मान न उचलता म्हणाली. "विसरभोळा कुठला!"

आता आडपडदा कशाला ठेवू? कोणत्याही नवऱ्याच्या डोक्यात येईल तेच माझ्याही आलं. कोणीतरी येतंय. गावाला ते माहीत आहे आणि सगळे मिळून सावरून घेताहेत. बसमध्ये मी एकेकाचा चेहरा निरखू लागलो. कामावर हात चुकायला लागला. एक जबडा मी उलटाच बसवला.

मग एका संध्याकाळी ओट्यावर एक बशी दिसली. तिच्यात अर्धवट खाल्लेली दोन सफरचंदं, कडेने तपकिरी पडलेली. एक तिचं. दुसरं मी उजेडात धरलं. माणसाचा चेहरा मी विसरेन, चावा विसरत नाही. माझं पोटच त्यावर चालतं. खालचा एक दात आडवा वळलेला. वरच्या सुळ्याचा टवका उडालेला.

मी जीभ स्वतःच्या दातांवरून फिरवली.

तो चावा माझा होता.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून घरी थांबलो. बायकोला आनंद व्हायला हवा होता. पण दुपार झाली तशी तिची चुळबुळ सुरू झाली. ब्रश धुतले, परत धुतले. खिडकीशी जाऊन आली.

"तू कशाला थांबलास?" शेवटी ती म्हणाली.

"का? काय बिघडलं?"

"तू घरी असलास की मग तू येत नाहीस."

बोलली आणि स्वतःच दचकली. मग हसली. "काहीतरीच बोलून गेले बघ," म्हणाली. मी हसलो नाही.

त्यानंतरच्या सकाळी मी नेहमीसारखा निघालो, मध्येच उतरलो आणि दुपारच्या उलट्या बसने परत आलो. भर दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वायरमनकाका अंगणात उभे होते. मला पाहून त्यांनी नजर जमिनीला लावली.

आमची खिडकी उघडी होती. आत बायको खळखळून हसत होती. कोणीतरी तिला सांगत होतं, लहानपणी आईने त्याला विहिरीत कसं ढकललं आणि तो कसा पोहायला शिकला.

ती विहीर माझी होती. ती गोष्ट मी कधीच कोणाला सांगितली नव्हती.

आवाजही माझाच. फक्त त्याला घाई नव्हती.

मी बेल वाजवली. बोलणं थांबलं. बायकोने दार अर्धं उघडलं. चेहऱ्यावर हसू अजून ओलं होतं. दारात आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं.

"कोण हवंय?"

मी तिच्या खांद्यावरून आत बघायला लागलो.

"नवऱ्याला बोलावू का? आहे घरात." मग तिचा स्वर मऊ झाला. "अहो, बरं वाटत नाही का तुम्हाला? पाणी देऊ?"

ओळख नव्हती तेव्हाही तिने मला कधी अहो म्हटलं नव्हतं.

"नको," मी म्हणालो. "घर चुकलं."

संध्याकाळपर्यंत मी बसथांब्यावर बसून राहिलो. बस आली. सगळे उतरून पांगले. छत्रीवाले मात्र माझ्याजवळ येऊन बसले.

"दारापर्यंत गेलात?"

मी मान डोलावली.

"पुन्हा जाऊ नका. संध्याकाळी आधी बेल वाजवायची. जरा थांबायचं. त्याला मागून निघायला वेळ द्यायचा."

"नाही दिला तर?"

"मी एकदा नाही दिला," ते म्हणाले आणि उठून गावाच्या उलट दिशेला चालू लागले.

मी घरी गेलो. किल्ली खिशात असून बेल वाजवली, थांबलो. आत खुर्ची सरकली. मागची कडी निघाली. मग बायकोने दार उघडलं.

"आलास? अरे, दुपारी एक माणूस आला होता, घर चुकलेला. बिचाऱ्याचे डोळे बघवत नव्हते."

तेव्हापासून मी रोज बेल वाजवतो. थांबतो. हे थांबणं मात्र वाढत चाललंय.

काल मी बेल वाजवली. खुर्ची सरकली नाही.

परत वाजवली.

"आत्ता कोण असेल?" बायको आत म्हणाली.

"तू बस," माझा आवाज म्हणाला. "मी बघतो."