आखूड पेटी

शेकोटीत अजून एक ओंडका टाका आणि जवळ सरकून बसा. मर्ल कोलबर्न माहीत आहे ना, पोस्टासमोर चाकांच्या खुर्चीत बसलेला असतो तो? त्याचे पाय कसे गेले, हे त्याने मला दवाखान्यात स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

गेल्या वर्षीचं आहे. मे महिन्यातला शेवटचा रविवार. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात मेलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन, म्हणजे त्याआधी त्या सगळ्यांच्या कबरींवर झेंडे हवेत, आणि ते काम मर्लकडे. त्याचा एकच झेंडा लावायचा राहिला होता, टेकडीवरच्या जेबेझ थ्रॉलचा. रात्रीचे दहा वाजलेले.

"सकाळी जा की," रोना म्हणाली. त्याची बायको.

"सकाळी कोण उठतंय? आत्ता खोचून येतो."

हा जेबेझ अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, सोळाव्या वर्षी इंग्रजांशी लढायला गेला. बर्फातून फाटक्या बुटांनी चालला, गोळी खाल्ली, जगला. घरी आला तर घरचे सगळे तापाने गेलेले. लग्न नाही, जमीन नाही. म्हातारपणी हात चालेनासे झाले, तेव्हा गावाने त्याचा लिलाव केला.

हसू नकोस, बेकी. तेव्हा तशी रीतच होती. उलटा लिलाव. निराधार माणसाला जो सगळ्यात कमी पैशात पोसेन म्हणेल, त्याच्याकडे पाठवायचं. पैसे गाव देणार. सगळ्यात कमी बोली लावली ती मर्लच्याच खापरपणजोबाने. त्याने म्हाताऱ्याला गोठ्यात टाकलं. फेब्रुवारीत तो तिथेच गारठून मेला. माणूस ताडमाड उंच. त्या कोलबर्नने फळ्या वाचवायला पुरायची पेटी आखूड ठोकली. म्हातारा मावेना. मग त्याने मोगरी घेतली, आणि... गुडघ्यांवर.

मर्ल हे गुत्त्यात हसून हसून सांगायचा. "आमच्या घराण्यात काही वाया जात नाही!"

तर त्या रात्री त्याने कबरीवर झेंडा खोचला. वर म्हणाला, "घे म्हाताऱ्या. उठून सलाम ठोकता येत नसेल तर राहू दे."

आणि गाडीत बसून निघाला.

उतारावर दिव्यांच्या उजेडात कडेला कुणीतरी दिसलं. कमरेएवढं. पोर असेल, असं त्याला वाटलं. गाडी थांबवून त्याने पलीकडचं दार उघडलं.

"कुणाचा रे तू? चल, सोडतो घरी."

ते हातांवर जोर देऊन वर चढलं. दार लागलं. ओल्या पेंढ्याचा वास आला.

मर्लने बाजूला पाहिलं.

पांढरी दाढी होती.

इंजिन बंद पडलं. दिवे गेले.

"सरक जरा..."

मर्लला हलता येईना.

"सरक. पाय पसरायचेत."

मग कट्‌... असा आवाज. हाड मोडल्यासारखा नाही, सरळ झाल्यासारखा. थोड्या वेळाने दुसरा. शेजारचं अंधारात लांबत चाललं होतं. टपापर्यंत. काचेपर्यंत.

मर्लच्या डोक्यावर एक हात आला. गार. तो दाबू लागला. खाली. अजून खाली. सीटच्या खाली, ब्रेकच्या पेडलपाशी, जिथे कुत्रंही धड बसणार नाही...

"नको! मी मावत नाही इथे!"

"मावशील," तो म्हणाला.

...

सकाळी रोनाला गाडी उतारावर सापडली. मर्ल तिथेच, खाली, घडी घातल्यासारखा. जिवंत. दोन्ही गुडघ्यांचा भुगा. डॉक्टर म्हणाले, जबर अपघात. पण गाडीवर साधा ओरखडाही नव्हता.

रोनाने गाडी विकायला काढली आहे, घेत कुणी नाही. तीनदा पुढची काच बदलली. थंडी पडली की नव्या काचेवरही उमटतं. आतल्या बाजूने. दोन मोठे अनवाणी तळवे, ऐसपैस टेकवलेले.