कव्हरआधीची टकटक

वैभवने आकांक्षाला पहिल्यांदा पाहिलं ते लालबागच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, आणि तेव्हा ती त्यालाच शिव्या देत होती. फक्त हे तिला माहीत नव्हतं.

काउंटरवर ओल्या नॅपकिनात गुंडाळलेला जुना फोन होता. कॅरमचा हा गेम तीन वर्षं नीट चालला, गेल्या महिन्यात अपडेट आलं नि फोन तव्यासारखा तापायला लागला, असं ती दुकानदाराला सांगत होती.

"गेम बनवणारा भेटू दे एकदा. तासभर हा फोन त्याच्या गालाला लावून उभा करीन."

चार्जर घ्यायला आलेल्या वैभवने नकळत गाल चोळला.

अपडेट त्याचंच. नव्या फोनच्या ग्राफिक्स चिपमध्ये उजेड कुठून येतो, कुठे आपटतो याचा हिशोब करणारा वेगळा भाग असतो. त्याच्या जोरावर त्याने गेममधल्या बोर्डवर ट्यूबलाइट अशी चमकवली होती की बोरिक पावडरही खरी वाटावी. जुन्या फोनमध्ये तो भाग नसतो. फोन बिचारा तेच काम रडतखडत करतो नि तापतो. जुन्या फोनवर गेम लावून पाहायचं वैभवला सुचलंच नव्हतं.

"नवीन घ्या की फोन," तो म्हणाला.

"आईचा आहे... म्हणजे, होता. बाबा यावरच खेळतात. दुसरा दिला तर हात लावत नाहीत."

गेममध्ये खेळाडूचं नाव अजून आईचंच, 'नलू' होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिने वर पाहिलं, आणि वैभवच्या तोंडून निघालं ते असं, की गेमच्या कंपनीत त्याची ओळख आहे, तक्रारी पोचवतो. कंपनी म्हणजे भायखळ्याची एक खोली, आणि तिच्यात तो एकटा.

मग दर शनिवारी दुकानाशेजारी चहा होऊ लागला. ती तक्रारी सांगायची, तो लिहून घ्यायचा. घरी जाऊन त्याने ती चमक काढली आणि तिचं नुसतं चित्र बोर्डवर रंगवून ठेवलं, म्हणजे फोनला काही हिशोब करायला नको. ती म्हणाली स्ट्रायकर घसरतो. सोमवारी घसरायचा थांबला. ती म्हणाली कॉम्प्युटर फारच सभ्य खेळतो. बुधवारी तो लबाडी शिकला.

"तुझी ओळख भारीच आहे रे," एका शनिवारी ती म्हणाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं होतं, दोघांनाही आठवत नव्हतं. मग सहज सांगावं तसं म्हणाली, की आमच्या चाळीत राणी घेतली की समोरचा बोर्डवर दोनदा टकटक करतो. त्याशिवाय राणी पक्की करणारी कव्हरची सोंगटी घेता येत नाही.

वैभवने तेही लिहून घेतलं.

मंगळवारी तिचा फोन आला. बाबांनी घरी बोलावलंय, काळाचौकीला. एवढंच. आवाजावरून काही कळेना.

संध्याकाळी तो पोचला, तेव्हा चाळीच्या गॅलरीत कॅरम मांडलेला होता. पलीकडे ती बसली होती.

"असा नियम चाळीत कुणाचाच नाही," ती म्हणाली. "फक्त आई करायची. बाबांना चिडवायला. हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं."

वैभव म्हणाला, "आकांक्षा... तो गेम—"

"काल फोनमधून टकटक आली. बाबा बराच वेळ तसेच बसले. मग डाव जिंकले."

तिने तोच फोन उचलला आणि त्याच्या गालाला लावला. तो हलला नाही. तिने दुकानात जाहीर केलेलीच शिक्षा होती.

"फोन तर गार आहे," ती म्हणाली. "गाल का तापलाय?"

आतून बाबा दारात आले. त्याला खालून वर न्याहाळत म्हणाले, "ह्योच काय तो गेमवालो? बस. खेळतलंस?"

वैभव तिच्यासमोर खेळायला बसला. काही फटक्यांनी त्याने राणी घेतली. कव्हरची सोंगटी भोकाच्या तोंडाशीच होती. पण वैभवने स्ट्रायकर खाली ठेवला.

"खोटं बोललो. भीती वाटली, तू शनिवारी यायची नाहीस. गेमचं काही नाही, पण... शनिवार मला हवा आहे. नेहमीचा."

बाबा ट्यूबलाइटकडे पाहत होते.

मग तिने हात पुढे केला, आणि बोर्डच्या कडेवर बोटाने दोनदा वाजवलं.