मले खाली घ्या

ज्याला हे खोटं वाटेल त्याने खुशाल पुढे जावं. मी कुंदा, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली बाई. भुताखेतांच्या गप्पांची मला कायम चीडच होती.

पण हे घडलं. यवतमाळबाहेर, पांढरकवडा रोडवरच्या आमच्या वृद्धाश्रमात. वरच्या मजल्यावर, माझ्या शेजारच्या पलंगावर.

तिथे इंदुताई असायच्या. सारा जन्म कापसाच्या शेतात गेलेला. झोप कायम जमिनीवर, गोधडी टाकून. इथे आल्यावरही पलंगावर फक्त गप्पा मारायला बसायच्या.

एकदा उठताना त्यांचा तोल गेला. थोडं खरचटलं, बाकी काही नाही. आमचे व्यवस्थापक नंदकिशोर यांनी त्यांच्या मुलाला, अक्षयला, फोन लावला. तो म्हणाला, "पलंगाला कठडा लावून टाका."

झालं. इंदुताईंचं अंथरूण जमिनीवरून पलंगावर गेलं आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे चढले. आतल्या माणसाचा हात खिट्टीपर्यंत पोचणार नाही, असे.

इंदुताईंना कुणी विचारलंच नाही.

"एका शब्दानं नाही इचारलं मले," त्या म्हणायच्या. "वासरावानी कोंडून राह्यले. कुंदाबाई, मरतानी मानसाची पाठ जमिनीले लागली पायजे. असा अधांतरी जीव जात नाही."

मी नंदकिशोरांशी भांडले. "पडल्या तर जबाबदार कोण?" एवढंच ते म्हणाले.

वैशाखातली संध्याकाळ होती. मी डोळे तपासायला गावात गेले होते. परत आले तर इंदुताईंच्या पलंगाभोवती पडदा...

मिताली सिस्टर रडत होती.

"त्या सारख्या म्हणत होत्या, मले खाली घ्या, मले खाली घ्या. मला वाटलं, खाली अंगणात न्या म्हणतात. मी म्हटलं, आजी, चहा झाला की नेते."

आमच्याकडे माणूस जायला लागला की त्याला 'खाली घेतात', जमिनीवर. मोठ्या शहरात वाढलेल्या मुलीला ते कुठून कळणार? तिच्यावर रागावू तरी कशी?

इंदुताई कठड्याच्या आतच गेल्या. एक हात गजांतून बाहेर आलेला, जमिनीकडे लोंबत होता.

त्यांची गोधडी अक्षय घरी घेऊन गेला.

त्यानंतर दिवेलागणीला आवाज येऊ लागला.

खट्ट...

रिकाम्या पलंगाचा कठडा खाली पडलेला असायचा. मिताली वर करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा... खट्ट. नंदकिशोरांनी खिट्टी बदलून घेतली. तरीही तेच.

मग त्या पलंगावर लालीबाई आल्या. कूससुद्धा स्वतःहून बदलता येत नव्हती त्यांना. तरी कठडा चढवलाच. काही दिवस आवाज बंद होता.

आणि एका संध्याकाळी... खट्ट.

मी वळून पाहिलं. पलंग रिकामा.

लालीबाई खाली जमिनीवर निजल्या होत्या. अंगावर ओरखडा नाही. चेहरा शांत. श्वास थांबलेला.

पाठीखाली... गोधडी. हिरव्या लुगड्याच्या काठाची. इंदुताईंची.

मी मितालीला हाक मारली. ती येईपर्यंत लालीबाईंच्या पाठीखाली नुसती फरशी उरली होती.

गेल्या महिन्यात माझं मनगट मोडलं. माझा मुलगा सलील पुण्याला असतो. त्यानेही फोनवर तेच सांगितलं, "आईला कठडा लावा."

मी नंदकिशोरांच्या हातातून फोन घेतला. "पाठ माझी आहे. मला विचार."

तो म्हणाला, "सांग आई, तुला काय हवंय?"

मला रडूच फुटलं. इंदुताईंना एवढंच तर ऐकायचं होतं.

माझ्या पलंगाला कठडा लागला नाही.

पण काल दिवेलागणीला आवाज आला. माझ्याच उशाशी.

खट्ट...

कठडाच नाही, तर पडलं काय?

मी वाकून पाहिलं. पलंगाशेजारी, जमिनीवर, गोधडी नीट अंथरलेली होती. हिरव्या काठाची.

मी धडधाकट आहे. डॉक्टरही तसंच म्हणतात. गोधडीला हात लावायचा धीर मात्र मला अजून झालेला नाही.

मितालीला सांगून ठेवलंय, मी खाली घ्या म्हटलं तर चहाचं नाव काढू नकोस.

ती हो म्हणाली. आणि जाताना गोधडीला वळसा घालून गेली.