त्रिशला चौगुले हयात असल्याबाबत

"आज जे झालं ते सांगितलं तर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही," दारात चपला काढत शीतलमामा म्हणाले, आणि चंदनाने लांब श्वास सोडला.

मामांची प्रत्येक गोष्ट याच वाक्याने सुरू होई. त्यांच्या बागेत पाच किलोचा द्राक्षघड लागला होता तेव्हाही, आणि बेदाण्याच्या शेडमध्ये बिबट्या शिरून हिरवा बेदाणा तेवढा खाऊन, काळा बाजूला काढून ठेवून गेला तेव्हाही. चंदना बेदाण्याची प्रतवारी करायची. तासगाव-सांगलीकडचे नमुने घरी यायचे आणि ती खिडकीपाशी बसून चिमट्याने दाणे निवडायची. डागी, बारीक, बरा, उत्तम. खऱ्याखोट्याची निवड करायला तिची नजर चांगली तयार होती, पण मामांपुढे तिने केव्हाच हात टेकले होते.

"आधी बसा. पाणी प्या. नायकवडीचाचा अर्धा तास वाट बघताहेत तुमची."

शेजारचे नायकवडी रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. दर नोव्हेंबरच्या या एका दुपारी ते न बोलावता येऊन बसत. "बोला मगदूम," ते म्हणाले. "यंदा कोण मेलं?"

"मीच की. दरसालाप्रमाणं."

हा विनोद नव्हता. सरकारी नोंदीप्रमाणे शीतल मगदूम गेली सहा वर्षं दर नोव्हेंबरात मरत होते, आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे चंदनाची आई त्रिशला चौगुले, जिला जाऊन आठ वर्षं झाली, ती दर नोव्हेंबरात जिवंत होत होती. आणि यात कोणाचीच चूक नव्हती. चंदनाचं डोकं फिरायचं ते याच गोष्टीने.

याचं मूळ अकरा वर्षांमागे होतं. मिरजेतल्या रक्तविकारांच्या डॉक्टर हेर्लेकरबाईंनी मामांना समोर बसवून एक चित्र दाखवलं होतं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या छोट्या काड्या, दोन दोन शेजारी मांडलेल्या.

"हा तुमचा गुणपट, शीतलराव. गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या. मोजून घ्या, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. फक्त नवव्याचा एक तुकडा तुटून बाविसाव्याला चिकटलाय, आणि बाविसाव्याचा नवव्याला."

"म्हणजे बांध सरकला," मामा म्हणाले. "गट नंबर नऊची जमीन बाविसात, बाविसाची नवात."

"अगदी तसंच."

"मग जमीन तेवढीच राहिली की. आजार कशाचा?"

"जिथे ते तुकडे जुळले तिथे एक नवाच हुकूम तयार झाला. वाढत राहा, थांबू नको. हाडाच्या मज्जेतल्या एका पेशीत हे झालं आणि ती थांबायचं विसरली. तिची सगळी पिलावळ म्हणजे तुमचा रक्ताचा कर्करोग. बाकीच्या अंगात गुणसूत्रं जागच्या जागी आहेत. तुम्ही हे जन्मतः आणलेलं नाही आणि कोणाला देणारही नाही."

गोळ्या आधी काही वर्षं लागू पडल्या होत्या, आता पडत नव्हत्या. उरला होता एक उपाय: मामांची मज्जा पुरती जाळून टाकायची आणि जुळणाऱ्या माणसाची तिथे रुजवायची. त्रिशलाताईची जुळली. डॉक्टरबाई हे तासभर समजावणार होत्या, पण मामांनी दोन मिनिटांत त्यांना थांबवलं.

"कळलं. डॉगरिजच्या जंगली खुंटावर सोनाक्का द्राक्षाचं कलम. मुळं खुंटाची, द्राक्षं कलमाची. मी खुंट, ताई कलम. माझ्या अंगात रक्त खेळणार ते ताईचं."

"ताईंचंच. तपासलं तर बाईचं रक्त निघेल."

"निघू दे. पण एका गोष्टीवर नजर ठेवा, बाई. कलमाच्या खालनं खुंटाची स्वतःची फूट येते. दिसायला लई टवटवीत. ती वेळेत खुडली नाही तर वरचं कलम वाळतं."

डॉक्टरबाईंनी हातातलं चित्र खाली ठेवलं. "आम्ही पुढे आयुष्यभर तेवढंच बघत बसतो," त्या म्हणाल्या.

कलम लागलं. तीन वर्षांनी त्रिशलाताई झोपेतच हृदय बंद पडून गेली. भाऊ तिच्या रक्तावर हिंडत राहिला.

मग सरकारने हयातीच्या दाखल्याचे नवे नियम आणले. पासष्टीपुढच्या प्रत्येकाने नोव्हेंबरात हयात-केंद्रावर जाऊन आपण जिवंत असल्याचं दाखवायचं. बोटांचे ठसे बाद झाले, कारण जन्मभर कात्री आणि खुरपं धरलेल्यांच्या बोटांवर ठसे उरलेच नव्हते. डोळे मोतीबिंदूने बाद. उरला गुणपट. तो प्रत्येकाचा बारा वर्षांपूर्वीच नोंदवून घेतलेला होता, मामांच्या कलमाआधी. गुणपटवाचक नावाचं यंत्र रक्ताचा थेंब घेई, वीस पेशी उलगडे, त्यांच्या गुणसूत्रांचे पट्टे वाची आणि चार मिनिटांत माणूस ओळखी. डॉक्टरबाईंच्या गुरूंना याच कामाला आठवडा लागायचा. ते फोटो काढून, कात्रीने एकेक गुणसूत्र कापून कागदावर चिकटवत.

पहिल्या वर्षी यंत्र गोड आवाजात म्हणालं, "नमस्कार, त्रिशलाताई. आपण हयात आहात." आणि तिच्या मृत्यूची नोंद चुकीची होती असं ठरवून त्याने स्वतःच पुसून टाकली. शीतल मगदूम महिनाअखेरपर्यंत आलेच नाहीत, म्हणून त्यांना मृत दाखवलं.

डॉक्टरबाई स्वतः केंद्रावर गेल्या. सोबत मामा आणि चंदना. तिथले नोंदणी अभियंता धोबळे वर्ध्याकडचे, शांत माणूस.

"तुमचं यंत्र चुकलंय," मामा म्हणाले.

"यंत्र चुकत नाही जी," धोबळे म्हणाले.

"यंत्र चुकलेलं नाही," डॉक्टरबाईही म्हणाल्या, आणि मामांना दोघांचाही सारखाच राग आला.

"बघा ना जी," धोबळेंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "वीसपैकी वीस पेशी त्रिशला चौगुले. रक्त बाईचं. आता नावही शीतल, म्हणजे बाईचंच. मग वाद कशाचा आहे?"

"आमच्याकडं शीतल बाप्याचं नाव असतं," मामा म्हणाले. "शीतलनाथ भगवानांवरनं. सांगली-कोल्हापुरात दारोदार शीतल हाय, मिशावाले."

"यांचा केस घ्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "केसाच्या मुळाशी, त्वचेत, सगळीकडे हे शीतल मगदूमच आहेत. फक्त रक्त बहिणीचं."

"नियमात रक्त लिहिलंय. केसाचा रकाना नाही."

"वीस पेशी बघता, आणि निकाल बहुमताने?"

"अकरा जुळल्या की माणूस ठरला."

डॉक्टरबाईंनी यंत्रातून निघालेली नकाराची चिठ्ठी उचलली. "शीतलराव, मी तुमची हीच तपासणी करते. हे फुकट करताहेत. माझ्याकडे येत राहाच, पण दर नोव्हेंबरला या चिठ्ठीचा फोटो मला पाठवायचा. यंत्र तुम्हाला त्रिशलाताई म्हणतंय तोवर कलम ठीक आहे. ज्या दिवशी ते तुम्हाला शीतल मगदूम म्हणेल, त्या दिवशी खुंट फुटला समजा, पेढे वाटू नका. त्याच दिवशी माझ्याकडे या. हल्ली नवी औषधं आहेत, पण ती लवकर दिली तर. दुसऱ्या कलमाला आता ताई नाहीत."

म्हणजे मामांचा मृत्यूचा दाखला हाच त्यांच्या तब्येतीचा दाखला ठरला. चंदनाने हे कोणाला समजावून सांगायचा प्रयत्न दोनदा केला आणि सोडून दिला.

पुढचे ताप वेगळेच होते. जिल्ह्याहून "विशेष बाब म्हणून एक वर्षापुरते हयात" असा आदेश येई, पण त्याची मुदत ऑक्टोबरअखेर संपे आणि नवा येईपर्यंत नोव्हेंबरचे तीन आठवडे जात. तेवढे दिवस मामा मेलेले. बस त्यांना तिकीट देईना. वाचनालय म्हणे, मयताच्या वारसाने पुस्तकं परत करावीत. मामा चंदनाकडेच राहत, पण संकुलाचं गेट आणि लिफ्ट त्यांना ओळखत नसत, म्हणून नोव्हेंबरभर चंदना दिवसातून चारदा सात मजले खाली जाऊन मेलेल्या मामांना वर आणी. मामा रागाने गेटशीच भांडत. "अरे, कालपर्यंत सलाम ठोकत होतास की मला."

इकडे त्रिशलाताईंची भरभराट चालली होती. त्यांचं नाव मतदार यादीत आलं. प्रभागाच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. महिलांच्या आरोग्य शिबिराला त्या तीनदा गैरहजर राहिल्या म्हणून ताकीद आली, आणि एकदा घरी आलेल्या नर्सबाईंना चंदनाने मामा दाखवले, तेव्हा नर्सबाई लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेल्या.

शिवाय मेसेज. त्रिशलाताईंच्या नोंदीला चंदनाचा फोन जोडलेला होता. मामांच्या बोटाला सुई टोचली की पाच मिनिटांत तिच्या फोनवर येई: "श्रीमती त्रिशला चौगुले हयात असल्याची नोंद झाली आहे. आपणास उदंड आयुष्य लाभो." पहिल्या वर्षी तो वाचून ती स्वयंपाकघरात जाऊन बसली होती. दुसऱ्या वर्षी तिने तो बंद करायचा अर्ज दिला. धोबळे म्हणाले, बंद करायला मृत्यूचा दाखला लागेल, आणि बाई तर हयात आहेत. तिसऱ्या वर्षापासून तिने अर्ज दिला नाही. त्या दिवशी मात्र ती फोनचा आवाज मोठा ठेवून बसायची, आणि नायकवडींनी विचारलंच तर म्हणायची, व्यापाऱ्यांचे फोन येतात.

मामांनी डॉक्टरबाईंकडे जाणं दोन वर्षांत थांबवलं. "यंत्र सांगतंयच की," म्हणायचे. यावर झालेली भांडणं चंदनाने मोजायची सोडून दिली होती.

"मग?" नायकवडींनी खुर्ची पुढे ओढली. "यंत्र काय म्हणालं?"

मामा पाणी पिऊन झाल्यावरही पेला हातातच धरून बसले होते. "काय म्हणणार? नमस्कार, त्रिशलाताई. मी म्हटलं, बाबा, मिशी बघ माझी. तर म्हणतं कसं, ताई, वयोमानाप्रमाणं येते कधीकधी."

नायकवडी हसून हसून खोकायला लागले.

"यंत्र एवढं बोलत नाही, मामा," चंदना चिमट्याने दाणे सारत म्हणाली.

"यंदा नवीन बसवलंय. लई बोलतं. धोबळे उठून हात जोडायला लागला, मगदूमसाहेब, सहा वर्षं झाली, आता तरी त्रिशला व्हा आणि आम्हाला सोडवा. मी म्हटलं, लेका, ताईनं मला रक्त दिलं, नाव नाही दिलं. रांगेतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी तर रडली."

"चिठ्ठी द्या. डॉक्टरबाईंना फोटो पाठवते."

"चिठ्ठी कावळ्यानं नेली."

"मामा."

"शपथ. केंद्राच्या पायरीवर उभा राहून वाचत होतो. आला, चोचीत धरली, गेला. खाणं समजला असंल."

"सहा वर्षांत तुम्ही एकही चिठ्ठी धड आणली नाही. एकदा भिजवली, एकदा तिच्यात शेंगदाणे बांधून आणले. मी त्या बाईंना काय कळवू? कावळा म्हणून?"

"कळव की, सगळं ठीक आहे. दरसालासारखंच आहे म्हणावं. त्यांना तरी किती त्रास द्यायचा." मामा खिडकीकडे बघून बोलत होते. "नायकवडी, त्या म्हातारीचं पुढं काय झालं ते ऐका."

चंदनाने एक डागी दाणा बाजूला सारला, आणि मग तिच्या ध्यानात आलं की आज ती खाली गेलेलीच नाही.

"मामा, गेट कोणी उघडलं?"

"वॉचमननं."

वॉचमन काढून दोन वर्षं झाली होती. मामांनी पेला दुसऱ्या हातात घेतला, आणि सुई टोचलेलं बोट मुठीत मिटून घेतलं.

"म्हणजे कुणीतरी होता, टोपीवाला. तर ती म्हातारी मला म्हणते, भाऊ असावा तर असा," ते घाईने सांगत सुटले. "म्हणते, बहिणीला दरसाल जित्ती करतोस. मी म्हटलं, मी कसला करतोय, ती मला करती. यंत्र पण गहिवरलं, शपथ सांगतो, बारीक आवाजात म्हणालं, त्रिशलाताई, पुढच्या वर्षी या हं—"

चंदनाने चिमटा खाली ठेवला. फोन बेदाण्याच्या ताटाशेजारीच होता, सकाळपासून, आवाज मोठा केलेला. तिने तो उचलून पाहिला. तासगावच्या व्यापाऱ्याचे दोन मेसेज होते, पाणीकपातीचा एक होता.

"मामा, खोटं बोलताय तुम्ही," ती म्हणाली. "आईचा मेसेज आलेला नाही."