आत्यांच्या नंबरवर

गव्हाच्या डब्याचं झाकण खर्रर्र वाजलं...

घरात चिडीचूप होतं. त्यात तेवढाच तो आवाज. ऋतिकाचा हात भाकरीच्या पिठात तसाच थांबला.

झाकणावर नवऱ्याचा फोन थरथरत होता.

यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. ऋतिका माझी मावसबहीण. हे घडलं वरवंडला, तिच्या दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरात, गेल्या मार्चमधल्या एका गुरुवारी. दुपारी दोन वाजता, लख्ख उन्हात. रात्र असती तर झोपेतला भास म्हणून तिनंही सोडून दिलं असतं.

तिची सासू, नकुशीआत्या, दिवाळीत आजारी पडल्या. दवाखान्यासाठी तिच्या नवऱ्यानं, नवनाथनं, मोबाईलवरनं कर्ज काढलं. ते फेडायला दुसरं काढलं. आत्या जानेवारीत गेल्या.

वसुलीचे फोन मात्र मागं राहिले.

सकाळी आठला सुरू व्हायचे. "गॅस भरायला पैसे असत्यात, आमचे द्यायला न्हाईत व्हय?" "कंपनीत साहेबाला सांगू का तुझ्या?" नवनाथ आधीच कमी बोलणारा. तो बोलायचाच थांबला.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी शेजारच्या मारुतमामांना तो कालव्याच्या कडेला दिसला. चपला काढून बाजूला नीट जोडून ठेवल्या होत्या... आणि पाण्याकडं बघत बसला होता. मामांनी हाताला धरून घरी आणला. जाताना ऋतिकाला हळूच म्हणाले, "पोरी, त्याचा फोन तुझ्यापाशी ठिव."

तेव्हापासून फोन तिच्याकडं. नवनाथ रात्रपाळी करून दिवसा झोपायचा. तो जागा होऊ नये म्हणून ती रिंग बंद ठेवायची. पोरीची वेणी घालता घालता, भांडी घासता घासता परक्या माणसांच्या शिव्या कानात घ्यायची. तो उठला की सांगायची, "आज कुणाचाच न्हाई आला."

त्याच्या कानावर तो आवाज पडता कामा नये, एवढंच तिला करायचं होतं.

पण माणूस थकतंच की.

आदल्या रविवारी वसुलीवाल्याचा सहावा फोन आला. पोरगी तापानं फणफणलेली, मांडीवर. ऋतिकाच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या आत्यांना लावा ना! पैशाचं समदं त्याच बघत्यात. फारमवर त्यांचा नंबर हाय बघा."

आत्यांचा बटणांचा फोन नवनाथनं अस्थींबरोबरच दौंडला भीमेत सोडला होता. चष्मा, मिश्रीची डबी आणि तो. नंबर बंद लागेल, आपले चार दिवस सुखाचे जातील, एवढाच तिचा विचार.

चार दिवस गेले.

एकसुद्धा फोन आला नाही... ती दुपारची झोपलीही, कित्येक महिन्यांनी.

आणि आज हा.

गाऊनला हात पुसत ती फोन घेऊन मोरीत गेली.

"ताई, हृतिक बोलतोय. शिरूरवरनं."

तोच वसुलीवाला. पण नेहमीचं खेकसणं नव्हतं.

"ताई, तुमच्या सासूबाईंना जरा समजावून सांगा की."

"...काय?"

"मी लावला त्यांना फोन. पहिल्या रिंगला उचलला. म्हणल्या, माझ्या लेकराला तरास दिऊ नको बाबा, मला बोल. मी बोललो वाट्टेल ते. तर इचारत्यात कसं, जेवलास का? ताई, ह्या धंद्यात आल्यापासनं मला कुणी जेवलास का इचारलं न्हाई."

ऋतिकानं फोन कानाशी घट्ट दाबला.

"मागं सारखं पाणी वाहतंय त्यांच्या. मी म्हणलं, आजी, मोटर बंद करा, ऐकू येईना. तर नुसत्या हसल्या..."

"मग?"

"परवापासनं मी लावतच न्हाई. त्याच लावत्यात. नंबर ब्लॉक केला, तरी येतो. आन् म्हणत्यात... जाऊ द्या ताई."

"काय म्हणत्यात? सांगा."

"म्हणत्यात, तुझी कटकटच मिटवते. नवनाथला मी माझ्याकडं बोलावून घेते. मग फोन कुणाला करशील?"

मोरीतल्या नळाला धरून ती उभी राहिली.

"हृतिकभाऊ... आत्या जानेवारीत वारल्या."



त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "मी लिहून टाकतो, माणूस सापडत न्हाई म्हणून. तुम्ही मला फोन करू नका. त्यांनाबी सांगा... पाया पडतो."

फोन कट.

जे मिळावं म्हणून तिनं देव पाण्यात ठेवले होते, ते मिळालं होतं. वसुली थांबली होती. 

तिनं आत्यांचा नंबर लावला. बंद आहे. पुन्हा लावला. बंद. तिसऱ्यांदाही तीच बाई तेच बोलली.

जरा जिवात जीव आला. फोन ओट्यावर टाकून ती आतल्या खोलीत गेली. नवनाथ कुशीवर झोपला होता. तिनं वाकून त्याच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. केसांतून हात फिरवला.

केस गार लागले... ओले.

घाम असेल. पत्रा तापलाय. असं स्वतःला सांगत ती बाहेर आली.

ओट्यावर फोन नव्हता.

उंबऱ्यात चार वर्षांची प्रांजल बसली होती. फोन कानाला लावून, शहाण्यासारखी मान हलवत.

"व्हय... झोपल्यात... व्हय..."

फोन थरथरल्याचं ऋतिकाला ऐकूच आलं नव्हतं.

"कोणाय गं बाळा? दे इकडं..."

प्रांजलनं मोठ्या माणसांसारखा फोन हातानं झाकला आणि आईकडं वर पाहिलं.

"आई, आजी इचारती, पप्पांना कवा पाठवतीस?"