भाकरीची सुट्टी

खोटं बोलले तर उरलेसुरले दातही पडोत. शब्द न् शब्द खरा आहे, हवं तर तुळस उचलून सांगते.

मजूर बायांच्या हातात सुईनं ते हिरवं टोचायला लागले, त्या वर्षी कांदालागणीला निवृत्ती मुकादमानं बायांच्या टोळीची भाकरीची सुट्टीच बंद केली.

"ऊन खा," म्हणाला. "फुकट आहे."

टोचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. तळ्याच्या पाण्यात हायड्रा नावाचा कणीएवढा जीव असतो. त्याच्या अंगात हिरवं शेवाळ भाड्यानं राहतं, उन्हात साखर करतं, त्यातली थोडी घरमालकाला देतं. तसलंच शेवाळ आता बायांच्या हातांच्या कातडीत. हात पोपटी दिसायचे.

पण बाया कसल्या ऐकतात. सवयीनं साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट, तोंडाला स्कार्फ. का, तर काळं पडायला नको. उजेडच नाही तर साखर कुठली? अंधारातला भाडेकरू उलट घरमालकाच्याच ताटात जेवतो. वाफ्यावाफ्यात बाया झोकांड्या खायला लागल्या.

"शर्ट काढा," निवृत्ती खेकसला.

"आधी तुझ्या बायकोला आण उघड्या हातानं," कावेरी म्हणाली. ती पोटुशी होती. बांधावर बसून तिनं फडकं सोडलं. "मला भूक लागलीय. पोटातल्यालाही."

निवृत्तीनं लाथेसरशी भाकर पाटाच्या पाण्यात उडवली.

कावेरी त्याच्या पायाशी थुंकली. मग पोटातल्या जिवासाठी तिनं बाह्या वर सारल्या. दुपार कलेपर्यंत चक्कर थांबली, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

पोरगी झाली ती पोपटी. हायड्राच्या पिल्लातही शेवाळ आईकडूनच उतरतं. हे सांगायचं डॉक्टरीणबाई विसरल्या होत्या.

निवृत्ती पेढे घेऊन आला. "बिनडब्याची मजूर," म्हणाला.

तेवढ्यात पोरीनं असं भोकाड पसरलं की घराचे पत्रे थडथडले, दारातलं कुत्रं शेपूट घालून पळालं. कावेरीनं तिला त्याच्या कानाशीच धरलं. "ऐक. भाकरीची सुट्टी मागतेय."

बरं, एवढं रडणं मात्र मी पदरचं घातलं. बाकी सगळं खरं. पोरगी रडलीच नाही. अंगणात उन्हात पडून होती, डोळे मिटून, पोट भरल्यासारखी. कावेरी दुधानं दाटलेली छाती घेऊन शेजारी बसली होती, आणि निवृत्ती हसत होता.

ज्या लेकराला भूकच लागत नाही, ते आईला हाक कशासाठी मारणार?